कानउघाडणी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. "ब्लॉग बंद केलात की काय?" असं दोघी-तिघींनी विचारलं, तेव्हा जरा बरंही वाटलं. बंद नाही केला. मध्यंतरी माझी कानउघाडणी झाली, तिच्यातून सावरत होते.

कानउघाडणी म्हणजे खरोखरची हो! कोणी रागावलं-बिगावलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी भलीमोठी पिचकारी घेतली, कोमट पाणी भरलं आणि माझे दोन्ही कान धुऊन उघडून दिले. चौतीस वर्षं मुलांना "कानउघाडणी" या शब्दाचा अर्थ "खरमरीत शब्दांत दिलेली समज" असा शिकवला. मूळ अर्थ चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळला.

सुरुवात अशी झाली. गेल्या दिवाळीपासून घरात कुजबुज सुरू होती (ती मला ऐकू येत नव्हती, हे ओघाने आलंच). टीव्हीचा आवाज मी वाढवायचा, सुनेने कमी करायचा. आमच्या ह्यांनी विचारलं, "ताक हवंय का?" मी म्हटलं, "आत्ता पाक कशाला करायचाय?" नातवंडं हसली, मीही हसले. पण पुढे पुढे हसणं कमी झालं. मला वगळून बोलणं होऊ लागलं. कोणी मुद्दाम करत नव्हतं, पण तीनदा सांगावं लागलं की चौथ्यांदा माणूस "जाऊ दे, काही नाही" म्हणतो. हे "जाऊ दे, काही नाही" फार वाईट असतं. ते ऐकू येतं बरं का!

मुलाने श्रवणयंत्रांच्या किमती काढल्या. एकीकडे आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप समूहावर उपायांचा पाऊस. लसूण घालून कडवलेलं तेल सोडा. मेणबत्ती लावा. कॅमेरावालं कानकोरणं मागवा, मोबाइलवर स्वतःचा कान बघत बघत साफ करता येतो. आणि एका जाणकार नातलगांचा ठणठणीत इशारा: "काही झालं तरी डॉक्टरला पिचकारी मारू देऊ नका. एकदा कान धुतला की सवय लागते, आणि पडदा फाटतो तो वेगळाच."

आजचं लिखाण त्या इशाऱ्याला उत्तर आहे. समूहावर दोन ओळींत वाद घालायचा मला कंटाळा आहे. इथे माझं राज्य आहे!

आधी हकिगत पुरी करते. कानाच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, कानात काय काय घालता?" मी खाली मान घालून कबूल केलं. रोज अंघोळीनंतर कापसाची काडी, ती संपली तर केसांची पिन. वीस-पंचवीस वर्षांचा नेम. ते म्हणाले, "दोन्ही कान बुचासारखे बंद आहेत. थोडासा वयाचा भाग असेलही, पण तो नंतर बघू. आधी रस्ता मोकळा करू." मळ मऊ करायला पाच दिवस थेंब दिले. पडदा फाटला होता का, कान कधी वाहिला होता का, कानाचं ऑपरेशन झालंय का, मधुमेह आहे का, असं सगळं विचारून घेतलं.

पाच दिवसांनी गळ्याभोवती टॉवेल, कानाखाली घेवड्याच्या आकाराचं स्टीलचं भांडं, आणि डॉक्टरांच्या हातात धातूची जाडजूड पिचकारी, बोटं अडकवायला कड्या असलेली. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी कान वर आणि मागे ओढला. आत धबधब्याखाली उभं राहिल्यासारखा आवाज झाला. दुखलं नाही. दुसऱ्या खेपेला भांड्यात टप्पकन काहीतरी पडलं. चिंचोक्याएवढं, काळपट तपकिरी.

आणि मला पहिला आवाज ऐकू आला तो डॉक्टरांच्या पेनाचा! कागदावर चाललेलं पेन. मग पंख्याची कुरकुर, मग माझ्याच बांगड्या. चौतीस वर्षं ज्या बाईने वर्गात पेनं चालताना ऐकली, तिला तो आवाज गेल्याचंसुद्धा कळलं नव्हतं. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता मला हळू बोलायची सवय करावी लागणार." तेही ऐकू आलं.

असो. आता मुद्द्याकडे येते.

पिचकारीविषयी आपल्या डोक्यात दोनच चित्रं असतात. एक रंगपंचमीचं, दुसरं जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकणाऱ्याचं. "सिरिंज" म्हटलं की तिसरं, सुईचं. म्हणजे खेळ, घाण किंवा भीती! या बिचाऱ्या वस्तूला चांगलं नाव कोणी दिलंच नाही. खरं तर सिरिंज हा शब्द मूळचा ग्रीक, "सिरिंक्स". अर्थ बोरूची नळी, पावा. त्यांच्या पुराणात सिरिंक्स नावाची वनदेवता आहे. पॅन हा देव तिच्या मागे लागला तेव्हा ती बोरूचं बेट होऊन उभी राहिली, आणि त्याने तेच बोरू कापून पावा केला. म्हणजे शब्दाच्या पोटात सुई नाहीच, नळी आहे. पावा आणि पिचकारी चुलत बहिणी. एकीतून वारा जातो, दुसरीतून पाणी.

सुई तर फार उशिरा चिकटली. १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समध्ये शार्ल प्राव्हाझ यांनी पोकळ सुईची पिचकारी वापरात आणली. त्याआधी शेकडो वर्षं माणूस नळीने धूत होता. आपल्याकडे आयुर्वेदात बस्ती आहे. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी, तिला नळी, आणि हाताने दाब. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यात "कर्णगूथ" म्हणजे आपला हा सुकून बसलेला मळ आहेच. तेव्हा "हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे" असं कोणी म्हणू नये. कान भरणं जुनं आहे, कान धुणंही जुनं आहे. नवी आहे ती कापसाची काडी! ती १९२३ साली अमेरिकेत लिओ गर्स्टेनझांग नावाच्या माणसाने बाजारात आणली, तीही तान्ह्या बाळांच्या बाहेरच्या स्वच्छतेसाठी. आज या काड्यांच्या डब्यांवर "कानाच्या नळीत घालू नका" अशी सूचना असते. ती आपण वाचत नाही, कारण ती बारीक अक्षरात असते आणि आपला चष्मा दुसऱ्या खोलीत असतो.

रोजच्या जगण्यात पिचकारी किती ठिकाणी आहे ते पाहा. स्वयंपाकघरातला सोऱ्या घ्या. नळी, दट्ट्या आणि पुढे जाळी, चकलीची पिचकारीच ती. शाईचं पेन वापरणाऱ्यांनी ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने शाई भरलेली आहे. तान्ह्या बाळाला ताप आला की डॉक्टर औषधाबरोबर बिनसुईची छोटी सिरिंज देतात. चमच्यापेक्षा माप बरोबर येतं आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडलं तर बाळाला ठसका लागत नाही. अक्कलदाढ काढल्यावर दाताचे डॉक्टर खड्ड्यात अडकलेले अन्नाचे कण अशाच पाण्याने धुतात. माझ्या गच्चीतल्या जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण आले की मी आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारते. दोन-चार दिवस नेटाने केलं की बरेचसे जातात, विष लागत नाही. इंग्रजीत बागकामातल्या या पाने धुण्यालाही "सिरिंजिंग"च म्हणतात. उन्हाळ्यात मोठ्या मैदानांवरच्या हिरवळीला भर दुपारी वरचेवर हलकं पाणी शिंपडून थंडावा देतात, त्यालाही तोच शब्द. मुळं भिजवायची नसतात, फक्त पात्यांची लाही शमवायची असते.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. पाणी किती, कुठे आणि किती जोराने, हे हातात असतं. बादली ओतली की ते हातात राहत नाही. काडीने टोचलं की आत काय होतंय ते कळत नाही. पिचकारीचा सगळा गुण त्या मापात आहे. तिची निंदा करणाऱ्यांना हे माप दिसत नाही, फक्त जोर दिसतो.

कानातही पाणी सरळ पडद्यावर मारत नाहीत. कानाची नळी मोठ्या माणसाची जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिच्या शेवटी पडदा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ. धार नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीकडे धरतात. पाणी मळाच्या वरून मागे जातं आणि परत येताना त्याला मागून ढकलत बाहेर आणतं. नळी थोडी वाकडी असते, म्हणून ती सरळ करायला मोठ्यांचा कान वर-मागे ओढतात आणि लहान मुलाचा खाली-मागे. विहिरीत पडलेली वस्तू काठीने ढोसली तर आणखी खाली जाते, हे आपल्याला कळतं. कानाच्या बाबतीतच का कळू नये?

आणि पाणी कोमट का? इथे तर एक नोबेल पारितोषिक दडलेलं आहे! व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान धूत असत. पाणी फार थंड असलं की रोग्याला गरगरायचं, फार गरम असलं तरी गरगरायचं, आणि त्या वेळी त्याचे डोळे एका विशिष्ट दिशेने झटके देत हलायचे. थंडाला एक दिशा, गरमला उलट. दुसरा कोणी "सवय होईल" म्हणून पुढे गेला असता. बारानींनी त्यावरून शोधलं की आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आतल्या भागात कसं काम करतं. त्यातून चक्कर तपासायची पद्धत निघाली, ती आजही वापरतात. १९१४ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. कान धुताना रोगी काय तक्रार करतोय ते नीट ऐकलं, एवढ्यावरून हे सगळं झालं. म्हणून पाणी अंगाच्या उष्णतेचं, सदतीस अंशांच्या आसपासचं घेतात.

आता "सवय लागते" या आरोपाकडे येऊ. मळ म्हणजे घाण, हीच मुळात चुकीची समजूत. नळीच्या बाहेरच्या भागात छोट्या ग्रंथी असतात, त्या तो तयार करतात. तो धूळ धरून ठेवतो, कातडी कोरडी पडू देत नाही, जंतूंना जम बसवू देत नाही. आणि निसर्गाने तो बाहेर काढायची सोयही केली आहे. कानाची आतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नख वाढावं इतक्या संथपणे. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, त्यानेही मदत होते. बहुतेकांना कानाला काही करावंच लागत नाही. आपण काडी घालून ही उलटी वाहतूक सुरू करतो. बाहेर यायला निघालेला मळ आत रेटतो, दाबून दाबून त्याचं बूच करतो, आणि काडीला लागलेला थोडासा पिवळा डाग पाहून खूश होतो. सवय लागते ती काडीची. पिचकारी बिचारी नंतर येते, पसारा आवरायला.

नळीत बारीक फट असेपर्यंत आवाज जातो, म्हणून कळत नाही. मग एक दिवस अंघोळीचं पाणी जातं, मळ फुगतो आणि फट बुजते. लोक म्हणतात, "कालपर्यंत बरं ऐकू येत होतं, अंघोळीनंतर कान गेले." कान गेलेले नसतात, दार लागलेलं असतं.

आता त्या नातलगांना न्याय द्यायला हवा, ते सगळंच चूक बोलत नाहीत. पडदा आधीच फाटलेला असेल, कान वाहत असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा एकाच कानाने ऐकू येत असेल, तर पाण्याची पिचकारी मारत नाहीत. वाटाणा, हरभरा कानात अडकला असेल तरी नाही, कारण तो पाण्याने फुगतो. मधुमेह असेल तर आधी सांगावं, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. अशा वेळी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चिमट्याने किंवा ओढून घेणाऱ्या नळीने मळ काढतात. काही डॉक्टर आता सर्वांनाच तसं करतात, तेही उत्तम. अडाणी हाताने जोर लावला तर पडदा फाटू शकतो, हेही खरं. पण याचा अर्थ जाणत्या हाताकडे जा, असा होतो. पिन घ्या, असा होत नाही! पिचकारीला घाबरणारे हेच नातलग स्कूटरच्या किल्लीने कान खाजवताना मी स्वतः पाहिले आहेत. आणि गंमत बघा, साधी सर्दी झाली तरी "डॉक्टर, एक सुई टाकाच" म्हणून हट्ट धरणारीही हीच माणसं. जिथे सुईची गरज नाही तिथे सुई हवी, आणि जिथे कोमट पाण्याने भागतं तिथे पाण्याची भीती.

घरच्या घरी व्हिडिओ बघून पिचकारी मारणाऱ्यांनाही माझा तेवढाच विरोध आहे. आधी कानात कोणीतरी पाहिलं पाहिजे. लसणाचं गरम तेलही नको. भाजलं तर कान आपलाच, आणि पडदा फाटलेला असला तर तेल थेट आत. मेणबत्तीने मळ निघत नाही. तिच्या बुडाशी जो पिवळा थर दिसतो तो मेणाचाच असतो. आणि हो, एका रात्रीत अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून बसून राहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते दुसरंच काही असू शकतं आणि त्यात दिवस मोलाचे असतात.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते अजून सांगितलेलं नाही.

कान उघडल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट समजावली. कान बंद झाला की सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. स्वर भक्कम असतात, ते आत पोचतात. व्यंजनं नाजूक, ती आधी गळतात. म्हणून "ताक"चं "पाक" होतं. "आ" बरोबर पोचतो, "त" पोचत नाही. माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही."

मी घरी आले आणि रात्री झोप लागेना. १९८६ साल डोळ्यांसमोर आलं. आठवीचा वर्ग. तिसऱ्या बाकावर एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. श्रुतलेखनात त्याचं वही भरून चुकायचं. मी "ताट" म्हणावं, त्याने "पाट" लिहावं. मी "खडी" म्हणावं, त्याने "कडी" लिहावी. मी त्या वहीवर लाल शाईने लिहिलं होतं, "लक्ष कुठे असते?" आज ती वही मला दिसते. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरोबर. चुकायचं फक्त व्यंजन! स्वर बरोबर, व्यंजन चूक. "श्रुत" म्हणजे ऐकलेलं, हे मीच शिकवत होते. त्या पोराने ऐकलेलं अगदी इमानाने लिहिलं होतं.

आणखी आठवतं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मला तो आगाऊपणा वाटायचा. मी फळ्याकडे वळले की त्याचं चुकायचंच. बसल्या बसल्या पेनाच्या रिफिलने कान कोरायचा. "शी! घाणेरडी सवय!" म्हणून मी सगळ्या वर्गासमोर बोलले. आणि मी त्याचा कान पिळला. एकदा नाही, अनेकदा. मग "याच्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होतो" म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला मी माझ्यापासून सगळ्यात लांब नेऊन ठेवलं. मुलांनी त्याचं नाव "ठोंब्या" पाडलं. मी ते थांबवलं नाही. नववीत नापास झाला आणि शाळेत यायचा बंद झाला.

त्याच्या कानात मळ होता, की कान वाहत होता, की आणखी काही होतं, मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नसेल. मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. त्याच्या आईला बोलावून "याचे कान दाखवून आणा" एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. तालुक्याला सरकारी दवाखाना होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत किती पोरांचे कान पिळले याचा हिशेब नाही, आणि किती पोरांचे कान दाखवायला सांगितलं याचा हिशेब शून्य. मराठी भाषेने तरी आम्हाला कान हा अवयव कशासाठी दिला होता? पिळायला, उपटायला, धरून उभं करायला, कानाखाली आवाज काढायला!

कोणी म्हणेल, तेव्हा काळच तसा होता. हे मला मान्य नाही. काळ कोणाचा कान पिळत नाही, हात माझा होता.

आता परिस्थिती सुधारली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणं, छळणं बंद केलं. त्याच सुमाराला, २००७ मध्ये, बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याच्या कागदपत्रांत, बऱ्या होऊ शकणाऱ्या बहिरेपणाचं सर्वांत मोठं कारण म्हणून कानातल्या मळाचंच नाव आहे! २०१३ साली मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरला सुरू झाला. त्यात शाळेतल्या मुलांच्या कानांची तपासणीही आहे. पण पथक येऊन जातं. मूल रोज ज्यांच्यासमोर बसतं त्या बाई आणि ते गुरुजी. पहिली शंका त्यांनाच यायला हवी.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते भांडून म्हणणं आहे. कोणालाही ढ, बेपर्वा, हट्टी किंवा म्हातारचळ लागलेला ठरवण्याआधी एकदा त्याच्या कानात दिवा घालून बघा. जाणत्या माणसाकडून बघवा. शेवटच्या बाकावर बसवण्याआधी बघा. "जाऊ दे, काही नाही" म्हणण्याआधी बघा. श्रवणयंत्राचे पैसे मोजण्याआधी तर नक्कीच बघा, कारण बुजलेल्या कानात यंत्र घालून काय उपयोग? दहातल्या काही जणांना यंत्र लागेलच, त्यांनी ते लाज न बाळगता घालावं. पण ज्याचं काम पिचकारीभर कोमट पाण्याने होणार आहे, त्याला आयुष्यभर बहिरा का ठेवायचा?

माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींची नात चौथीत आहे. "बाई म्हणतात लक्ष नाही," असं मावशी परवा सांगत होत्या. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, "खेळण्यात लक्ष असेल." या वेळी विचारलं, "कान दाखवले का?" गुरुवारी तिला घेऊन जाणार आहे. मळ असेल, नसेल. निदान पाहिलं तरी असेल.

आणि तो १९८६ चा मुलगा. आता पन्नाशीच्या आसपास असेल. गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करते आहे. सापडला तर त्याला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. फोनवर नाही सांगणार. समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून सांगेन, म्हणजे त्याला दिसेल तरी.

माझ्या शिक्षक वाचकांनो, तुमच्याही वहीत असा एखादा असेल. आठवून बघा. आणि नातलगांनो, तुम्ही समूहावर चिडण्याआधी घरातल्या सगळ्या काड्या आणि पिना एकदा मोजा, मग बोलू.